ज्ञानेश्वरीची पोथी: नेवाशापासून पारायणापर्यंत

भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. पण ती तिथी ग्रंथ रचल्याची नाही. पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून लेखन पुरे केले, त्या कपिलाषष्ठीची आहे. शके 1506, म्हणजे इ.स. 1584. मूळ ग्रंथ त्याआधी जवळपास तीनशे वर्षांचा. नेवाशाला शके 1212 मध्ये सांगितलेला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेला.

मुळात गीतेवर मराठीत बोलायची गरज का पडली, याचे उत्तर अठराव्या अध्यायात ज्ञानदेवांनीच देऊन ठेवले आहे: 'वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥' वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही. तो तीनच वर्णांच्या कानाशी लागला. स्त्रिया, शूद्र बाहेरच राहिले. ही उणीव भरून काढायला वेदच गीता होऊन आला, असे ते म्हणतात. गीताही संस्कृतातच होती, म्हणून सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या आल्या.

वेद अक्षरशः टिकला तो पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा कडक पाठांतरामुळे. एक स्वर चुकला तरी गुरुजी थांबवणार! ओवीला असा पहारा नव्हता. ती ज्याच्या तोंडी गेली त्याने आपल्या वळणाने म्हटली, नकलून घेणाऱ्याने जुना शब्द बदलला, एखाद्या हौशीने स्वतःची ओवी घुसडली. नाथांनी लिहिलेच आहे, 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध'. म्हणजे ग्रंथ मुळात शुद्धच, पण पाठभेदांमुळे बिघडला. पुढे दमही भरला: यात जो आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजा. इतका सडेतोड संपादक मराठीला क्वचितच लाभला असेल.

1845 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छापावर, छापली. पोथी मठाबाहेर पडली ती छपाईमुळे, आणि आज जे गावोगावचे पारायण आपण पाहतो ते छापील प्रतींवाचून शक्यच नव्हते. अखंड हरिनाम सप्ताहात सकाळी काकडा होतो, मग व्यासपीठावरच्या महाराजांच्या सुरात सगळे वाचक आपापली पोथी उघडून बसतात. सात दिवसांत नऊ हजार ओव्या, म्हणजे रोजच्या बाराशे-तेराशे. एकटा अठरावा अध्याय अठराशेच्या घरात, त्यामुळे शेवटी वेग वाढतो आणि अर्थ मागे पडतो, हे वाचणारेही कबूल करतात. अर्थाची सोय संध्याकाळी कीर्तनात. तसे कीर्तनकार तयार व्हावेत म्हणून जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली.

अभ्यासकांचे लक्ष मात्र नाथांच्याही आधीच्या पोथीकडे होते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडजवळ पाटांगणला मिळालेली प्रत एकनाथपूर्व मानून 1909 मध्ये छापली. तिची भाषा जुनी, वळणे अनोळखी. त्यावर विद्वानांत वाद रंगले. वारकऱ्यांच्या फडांवर आणि सप्ताहांत मात्र नाथांच्या परंपरेतल्या, साखरे महाराजांच्या प्रतीसारख्या पोथ्याच वाचल्या जातात.