तुमचं स्मार्ट घर होम असिस्टंटवर आणताना

दिव्यांसाठी एक अ‍ॅप, गीझरसाठी दुसरं, कॅमेऱ्यासाठी तिसरं, असा कारभार असलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

आधीचं सामान टाकून द्यावं लागेल का? बहुतेक वेळा नाही. बदलतं ते हुकूम देणारं केंद्र. होम असिस्टंट ही २०१३ पासूनची मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रणाली तुमच्याच घरातल्या छोट्या संगणकावर चालते, त्यामुळे नेट गेलं तरी घरातल्या घरात होणारी कामं थांबत नाहीत. काही वायफाय उपकरणं मात्र कंपनीच्या सर्व्हरशिवाय हलत नाहीत. ती कोणती, हे आम्ही खर्चाचा आकडा देण्याआधी सांगतो.

खरा फायदा अटी जोडण्यात आहे. पाण्याच्या मोटरचंच घ्या. वरची टाकी अर्ध्याखाली आली आणि खालच्या हौदात पाणी असेल तरच मोटर सुरू व्हावी. दहा मिनिटांत टाकीची पातळी चढली नाही, तर मोटर बंद होऊन तुमच्या फोनवर निरोप यावा. कोरडी चालून मोटर जळण्याचा धोका यानं बराच कमी होतो. तरीही टाकीतला फ्लोट स्विच आम्ही काढत नाही. संगणक बंद पडला तरी पाणी वाहून जाता कामा नये. भिंतीवरची बटणंही पूर्वीसारखीच चालली पाहिजेत, घरातल्या आजी-आजोबांना नवं काही शिकावं लागू नये, हा आमचा आग्रह आहे.

झिगबी म्हणजे स्मार्ट उपकरणांना बिनतारी जोडणारी, कमी वीज खाणारी पद्धत. झिगबी सेन्सर एका वेळी एकाच केंद्राशी, म्हणजे हबशी, जोडलेला असतो. म्हणून प्रत्येक सेन्सर जुन्या हबमधून काढून, रीसेट करून पुन्हा जोडावा लागतो. हे काम आम्ही एकेक खोली घेऊन करतो. आधी विजेवर चालणारे प्लग आणि स्विच जोडतो, कारण तेच पुढे सिग्नल पोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर नंतर. झिगबीचा डोंगल (सिग्नल घेणारी-देणारी छोटी यूएसबी कांडी) संगणकाला थेट न खोचता एक्स्टेन्शन केबलवर, राउटरपासून लांब ठेवतो. यूएसबी ३ पोर्टचा आणि वायफायचा त्याला त्रास होतो. जुन्या अ‍ॅपमधली वेळापत्रकं आपोआप येत नाहीत, ती नव्यानं लिहावी लागतात. त्यांची यादी आधी काढून ठेवा.

जुन्या इमारतींत स्विचबोर्डात न्यूट्रल (बऱ्याच स्मार्ट स्विचना लागणारी परतीची तार) नसण्याची शक्यता असते, ते वायरमनकडून आधी पाहून घेऊ. २००० वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो; त्याला चालू-बंद करणारं १६ अँपिअरचंच मॉड्यूल लावू, लहान नाही.

लाइट गेल्यावर संगणक आणि राउटर चालू राहावेत म्हणून छोटा यूपीएस जरूर घ्या. लाइट परत आल्यावर मध्यरात्री सगळे दिवे पेटू नयेत, यासाठी ज्या दिव्यांत सोय आहे त्यांना ‘आधीची स्थिती’ ही सेटिंग लावून देतो.

बाहेरगावाहून घर पाहायचं असेल तर व्हीपीएन (घराच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) किंवा होम असिस्टंटची सशुल्क सेवा वापरू. राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, आम्ही उघडा सोडत नाही. अ‍ॅडमिन पासवर्ड आणि बॅकअप उघडण्याची किल्ली काम संपताच तुमच्या हाती देतो. दोन्ही कागदावर लिहून कपाटात ठेवा.