राधानगर की एलिफंट? हॅवलॉकच्या दोन किनाऱ्यांची गल्लत

अंदमानला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. सेल्युलर जेल, तिथली सावरकरांची कोठडी, मग बोटीने हॅवलॉक आणि ‘त्या प्रसिद्ध बीचवर स्नॉर्केलिंग’, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं. गोंधळ इथेच होतो. हॅवलॉकला (२०१८पासून अधिकृत नाव स्वराज द्वीप) प्रसिद्ध बीच आहे आणि स्नॉर्केलिंगही आहे, पण दोन्ही एका जागी नाहीत. फोटोत दिसतो तो लांबलचक पांढरा किनारा म्हणजे राधानगर, ज्याला तिथे ‘सात नंबर बीच’ही म्हणतात. मासे आणि प्रवाळ बघायचे तर एलिफंट बीच. दोन्ही एकाच बेटावर, पश्चिमेच्याच अंगाला, आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुतेक वेळा एकाच ओळीत.

मालवणला जाऊन आलेल्यांना हे लगेच उमगेल. तारकर्लीची वाळू सुंदर, पण स्नॉर्केलिंगला होडी जाते ती सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांकडे. हॅवलॉकलाही गणित तेच.

त्यामागचं कारण किनाऱ्याच्या तळाशी आहे. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अळीला चिकटायला घट्ट, न हलणारा तळ लागतो, आणि त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना ऊन लागतं, म्हणून पाणीही नितळ हवं. राधानगरचा किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे. लाट आली की तळाची वाळू हलते, ढवळते, पुन्हा बसते. अशा सरकत्या जमिनीवर प्रवाळाचा जम बसत नाही. मास्क लावून डोकं खाली घातलंत तर वाळू दिसेल, फार तर एखादा चुकार मासा. पायाला मऊ लागणारा, उथळ, पोहायला सोयीचा तळ आणि प्रवाळ हे सहसा एकत्र नांदत नाहीत. गंमत अशी, की उष्ण कटिबंधातली पांढरी वाळू बऱ्याचदा प्रवाळ आणि शंखशिंपल्यांचाच चुरा असते. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो, आतलं शैवाल पचवतो आणि उरलेला चुना वाळू म्हणून बाहेर टाकतो.

एलिफंट बीचवर वाळूची पट्टी अरुंद, तीही ओंडक्यांनी आणि आडव्या पडलेल्या झाडांनी भरलेली. लोळत पडायला हा किनारा नव्हेच. पण इथे प्रवाळ काठाला लागूनच सुरू होतो, त्यामुळे स्नॉर्केलिंगसाठी होडीने आणखी खोल जावं लागत नाही. पोहता न येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट आणि रिंग देऊन गाइड ओढत नेतो. सगळी कसरत एकच: नाक विसरून तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. क्लाउनफिश, बटरफ्लायफिश काठाजवळही भेटतात. मात्र जाहिरातीतल्यासारखी रंगांची उधळण मनात धरून जाऊ नका. २०१०मध्ये समुद्र तापल्याने अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, आणि उथळ पाण्यात मेलेल्या प्रवाळाचे करडे पट्टे दिसतातच. त्यात उभं राहून दम खाणारे पर्यटक भर घालतात, हे वेगळं सांगायला नको.

आता ‘शांत’ या अपेक्षेबद्दल. एलिफंट बीच शांत नाही. जेट स्की, बनाना राइड, होड्यांची रांग, मॅगीचे स्टॉल असं सगळं तिथे आहे. सकाळच्या पहिल्या होड्यांतून गेलात तर पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी मिळते. जेट्टीवरून होडीने जेमतेम अर्धा तास लागतो. जंगलातून चालत जायची वाटही आहे. ती कधी बंद असते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. तिच्या शेवटच्या टप्प्यात भरतीच्या वेळी पाणी-चिखल असतो, म्हणजे चालायला ओहोटी बरी. स्नॉर्केलिंगला मात्र भरती बरी, कारण ओहोटीत पाणी इतकं उतरतं की गुडघे प्रवाळावर घासतात. चालणं आणि पोहणं दोन्ही एका फेरीत साधायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघायला हवं.

राधानगरला २०२०मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. संध्याकाळी प्रवेशद्वारापाशी चौपाटी भरते, पण किनारा इतका लांब आहे की दहा मिनिटं चाललात की माणसं विरळ होतात. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या टोकाला नील्स कोव्ह नावाची निवांत खाडी लागते. दिसायला बेटावरची सगळ्यात मोहक जागा तीच, पण तिथे पाण्यात उतरू नका. २०१०मध्ये तिथेच एका परदेशी पर्यटक तरुणीचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने बळी घेतला. पोहायचं ते जीवरक्षकांच्या नजरेसमोर, आखून दिलेल्या भागातच.

वेळेचं एक भान ठेवा. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईच्या सवयीने ‘चहा घेऊन सहाला निघू’ म्हणालात तर राधानगरचा सूर्यास्त हुकलाच. म्हणून सकाळ एलिफंटला, जेवण, आणि तीनच्या आत राधानगर हा क्रम मला पटतो. उलट केलं तर दुपारच्या गर्दीत ढवळलेलं पाणी वाट्याला येतं.

आजी-आजोबा सोबत असतील तर एलिफंट सोडून द्यायला हरकत नाही. होडीत चढणं-उतरणं पाण्यातूनच होतं, आणि काठावर बसून राहण्यासारखं तिथे फारसं काही नाही. राधानगरला गाडी पार जवळ जाते, झाडांची सावली आहे. कुठल्याही किनाऱ्यावरून नातवंडांनी प्रवाळाचा तुकडा खिशात घातला असेल तर तिथेच ठेवायला लावा. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आणि परतताना विमानतळावर तपासणीत तो सापडला तर प्रकरण नुसत्या माफीवर भागत नाही.