पात्राभिनय (ॲनिमेशन)

रेखाटलेल्या, बाहुलीच्या किंवा संगणकावर घडवलेल्या पात्राकडून ॲनिमेटर जो अभिनय करवून घेतो, तो पात्राभिनय. 'कॅरेक्टर ॲनिमेशन' ही संज्ञा व्यवहारात बहुधा याच अर्थाने वापरतात. चेंडू उसळला तर ती हालचाल. उसळण्याआधी तो क्षणभर कचरला, तर अभिनय. नाट्यशास्त्रातील चतुर्विध अभिनयाच्या भाषेत सांगायचे तर वाचिक (बोलण्याचे) अंग आवाज देणाऱ्या नटाकडे जाते, आहार्य (वेश-रंगभूषेचे) पात्राच्या आरेखनातच ठरून येते आणि ॲनिमेटरच्या हाती आंगिक (देहाच्या हालचालींचे) उरते. सात्त्विकही (आतून आपसूक उमटणारे भावही) त्याला आंगिकातूनच साधावे लागते. नटाचा कंठ भूमिकेच्या भरात आपसूक दाटून येतो. पात्राच्या बाबतीत आपसूक असे काहीच घडत नाही, साधा श्वासही ठरवून घालावा लागतो.

उगम : पडद्यावर विचार करणारे पहिले पात्र कोणते, याबद्दल मतभेद आहेत. विन्झर मॅके यांच्या 'गर्टी द डायनासोर' (१९१४) या लघुपटाला हा मान देण्याची प्रथा जुनी आहे. मॅके रंगमंचावर चाबूक घेऊन उभे राहत, आज्ञा सोडत आणि पडद्यावरची गर्टी कधी ऐकत, कधी हट्ट करत असे. मॅके रागावले, की ती रडते. तिच्या श्वासाची गती मॅके यांनी स्वतःचा श्वास घड्याळावर मोजून ठरवली, असे सांगितले जाते. (या लघुपटासाठी दहा हजार चित्रे काढल्याचा प्रसिद्ध आकडा मात्र मूळ जाहिरातीच्या भाषेतला आहे; तो जपूनच घ्यावा.) दुसरा पक्ष १९१९ पासूनच्या फीलिक्स या मांजराकडे बोट दाखवतो. पाठीमागे हात बांधून विचारमग्न येरझाऱ्या घालण्याची त्याची लकब प्रसिद्ध आहे. हे पात्र नेमके कोणाचे, हा वाद मात्र मिटलेला नाही. हयातीत श्रेय निर्माते पॅट सलिव्हन यांना मिळाले. पुढे बहुतेक इतिहासकारांनी ते त्यांच्या स्टुडिओतील ॲनिमेटर ऑटो मेस्मर यांच्याकडे वळवले, तर ऑस्ट्रेलियातील काही अभ्यासक आजही सलिव्हन यांचीच बाजू घेतात.

तिसरे मत डिझ्नी स्टुडिओतील १९३३–३४ या काळाचे आहे. 'थ्री लिटल पिग्ज' (१९३३) मधील तिन्ही डुकरे दिसायला जवळपास सारखी, पण वागण्यावरून वेगळी ओळखू येतात. 'प्लेफुल प्लूटो' (१९३४) मध्ये माशा पकडण्याच्या चिकट कागदाशी झुंजणारा कुत्रा नॉर्मन फर्ग्युसन यांनी रेखाटला; प्रसंगाची कल्पना वेब स्मिथ यांची. गर्टीला स्वभाव आहे, पण ती आज्ञेला उत्तर देते. प्लूटो मात्र अडकतो, थांबतो, तर्क करतो, चुकतो आणि त्या चुकीतून पुन्हा तर्क करतो. विचारांची अशी अखंड साखळी त्याआधी क्वचितच दिसते. म्हणून अभिनयाच्या इतिहासात हा टप्पा अधिक निर्णायक मानणे योग्य वाटते.

या बदलामागे शिक्षणही होते. १९३२ च्या अखेरीस डॉन ग्रॅहम यांचे रेखाटनाचे वर्ग स्टुडिओत सुरू झाले. डिझ्नीचे ॲनिमेटर बिल टिट्ला यांच्या कामावर रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की यांच्या अभिनयपद्धतीची छाप असल्याचे वारंवार लिहिले जाते. ती पुस्तकांतून आली की समकालीन रंगभूमीच्या वातावरणातून, हे ठामपणे म्हणता येत नाही.

रोटोस्कोप आणि संदर्भ-चित्रण : मॅक्स फ्लायशर यांनी नटाच्या चित्रफितीवरून रेषा गिरवण्याच्या यंत्रासाठी, म्हणजे रोटोस्कोपसाठी, १९१५ मध्ये अर्ज केला, पेटंट १९१७ मध्ये मिळाले. पुढे 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' (१९३७) साठी नृत्यांगना मार्जोरी बेल्चर यांच्या हालचाली संदर्भासाठी चित्रित झाल्या. जशीच्या तशी गिरवलेली आकृती वजनहीन भासते. छायाचित्रातला पोत, छाया आणि कापडाच्या बारीक चुण्या रेषेत गळून जातात, म्हणून उरलेली हालचाल पुरी पडत नाही. शिवाय पात्राचे डोके मोठे आणि पाय आखूड असले, की माणसाचा तोल त्याला लागू होत नाही. म्हणून चित्रणातून फक्त टायमिंग आणि मोक्याच्या पोझ उचलाव्यात, आणि पोझ एक पायरी पुढे ताणावी, असा संकेत आहे.

घडण : चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवले, तर १२ चित्रे पुरतात. क्रम साधारण ठरलेला : संवाद ऐकून त्यातला न बोललेला भाग शोधणे, अंगठ्याएवढी रेखाटने, मुख्य पोझ, मग त्यांमधल्या पोझ आणि शेवटी बारकावे. मात्र शॉटचा कस पोझमध्ये कमी, एका पोझमधून दुसरीत जाण्याच्या कारणात अधिक लागतो.

उदाहरणादाखल चार सेकंदांचा, म्हणजे ९६ फ्रेमचा शॉट घेऊ. पात्र पत्र वाचते, मनातून खट्टू होते आणि समोरच्याला म्हणते, "बरं झालं." फ्रेम १ ते २४ वाचन. वाचताना डोळे सरकत नाहीत, उड्या मारतात : दोन फ्रेमची उडी, पाच-सहा फ्रेम मुक्काम. २५ ते ४० डोळे एका शब्दावर थिजलेले. फक्त छातीचा श्वास चालू. ४१ ते ४७ पापणी : मिटायला तीन फ्रेम, बंद एक, उघडायला तीन. ही पापणी म्हणजे विचाराचा सांधा. इथे निराशा गिळली जाते. ४८ ला नजर वर जाते, डोके तिच्यामागून ५१ ला. मग हसू, पण फक्त ओठांवर. खरे हसू डोळ्याभोवतीच्या स्नायूनेही ओळखू येते, हे फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवले होते. तो स्नायू इथे मुद्दाम हलवायचा नाही. "बरं" मधल्या 'ब'साठी ओठ किमान दोन फ्रेम पूर्ण मिटावेत आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटावेत. नेमके आवाजावर मिटवले तर संवाद मागे पडल्यासारखा वाटतो. हसू पापणीच्या आधी आले, तर हाच शॉट खऱ्या आनंदाचा होतो. डोळ्याभोवतीच्या त्या स्नायूखेरीज बाकी एकही रेषा बदलावी लागत नाही.

दोष : सर्वांत सार्वत्रिक दोष अतिअभिनयाचा, म्हणजे प्रत्येक शब्दाला हातवारा. एका वाक्याला बहुधा एकच ठसठशीत हावभाव पुरतो, आणि तो जोर पडणाऱ्या शब्दाच्या किंचित आधी यावा. दोन्ही हात एकाच वेळी, एकाच कोनात उचलले, की पात्र आरशात पाहून हलल्यासारखे दिसते. संगणकावर आणखी एक सापळा असतो. सगळ्या अवयवांच्या 'की' (मुख्य पोझ नोंदवणाऱ्या खुणा) एकाच फ्रेमवर ठेवल्या, तर सारे शरीर एकदम निघते, एकदम थांबते आणि मधल्या काळात पाण्यात तरंगते. कंबर आधी, मग छाती, डोके आणि हात दोन ते चार फ्रेमच्या अंतराने सुटले, तर वजन येते. रेखाटलेल्या पटात स्थिर चित्र काही काळ खपते. संगणकीय पात्र पूर्ण थांबले, की निर्जीव दिसते. म्हणून थांबलेल्या पोझमध्येही किंचित सरक ठेवतात. बुबुळे हा वेगळाच त्रास : दोन्ही डोळ्यांचा रोख एका बिंदूवर जुळला नाही, तर पात्र तिरळे दिसते आणि उत्तम अभिनय वाया जातो.

सिद्धांत : डिझ्नीचे ॲनिमेटर फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वे सर्वत्र शिकवली जातात, जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये ती संगणकीय ॲनिमेशनला लावून दाखवली. त्यांना अभिनयाचे नियम समजणे मात्र चुकीचे आहे. बहुतेक तत्त्वे गती आणि वजनाची आहेत; अभिनयाशी थेट भिडणारी थोडी. चेहऱ्याच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ एकमन आणि फ्रीझन यांची १९७८ ची स्नायुवर्गीकरण पद्धत आजच्या अनेक रिगचा (पात्र हलवण्याच्या संगणकीय सांगाड्याचा) पाया आहे. तिच्यामुळे भुवईचा आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळा उचलता येतो. कधी उचलायचा, हे ती सांगत नाही.

बाहुलीपट : येथे ॲनिमेटरला मागे जाता येत नाही. शॉट पहिल्या फ्रेमपासून पुढे सरकतो. मधली चूक म्हणजे बहुधा पुनर्चित्रण. काही पद्धतींत चेहऱ्यासाठी बदलते मुखवटे वापरतात, तर काहींत आतल्या कळीने जबडा आणि भुवया हलवतात. पहिल्या पद्धतीत भाव नेमके येतात, पण मुखवट्यांच्या संख्येला बांधलेले राहतात.