ब्लो-ऑफ की बायपास: रेस सोडल्यावर हवा जाते कुठे?

‘मालक, ब्लो-ऑफ बसवायचाय, फुस्स आवाज आला पाहिजे.’ असं म्हणत पोरं आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात येतात, तेव्हा मी आधी बोनेट उघडायला लावतो. गाडी टर्बो पेट्रोल असेल (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप), तर त्या कामाचा व्हॉल्व्ह बहुतेक कंपनीनंच दिलेला असतो. तो फक्त आवाज करत नाही.

आपल्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांआड. मोटर चालू असताना कुणी पुढचा कॉक झटकन बंद केला, तर पाइप कसा दणका देतो, हे सोलापूरकराला सांगायला नको. टर्बोत तेच होतं. रेस सोडली की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी, पाकळी मिटते, पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरतच असतं. मधे कोंडलेली हवा उलटी फिरते आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या, पात्यांवर आदळते. त्या हवेला वाट करून द्यायला हा व्हॉल्व्ह. ब्लो-ऑफ आणि बायपास दोन्ही आतून जवळजवळ सारखेच: पडदा किंवा पिस्टन, वर स्प्रिंग, डोक्यावर बारीक नळी. फरक एवढाच, की ब्लो-ऑफ ती हवा बाहेर सोडतो आणि बायपास तीच हवा टर्बोच्या तोंडाशी परत नेतो.

कोणता घ्यायचा हे आवाजावरून ठरवू नका. तुमची गाडी हवा कुठे मोजते ते बघा. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात मास एअर फ्लो सेन्सर असेल, तर आत शिरलेली हवा तिथंच मोजली जाते आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्या हिशेबानं पेट्रोल टाकतो. मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडली, तरी पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. मी स्वतः ही चूक केली आहे. माझ्याच गाडीला हौसेनं ब्लो-ऑफ लावला आणि सात रस्त्याच्या सिग्नलला रेस सोडली, तशी गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली तर मागे काळा धूर. घरी येऊन प्लग काढले तर चारही काजळीनं काळे. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान व्हायला अशी गाडी बरेच दिवस चालवली की पुरे. मॅनिफोल्डवरच्या (थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या पाइपांवरच्या) मॅप सेन्सरच्या, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या, हिशेबावर चालणाऱ्या गाडीला हा त्रास होत नाही, कारण तिथं मोजणी थ्रॉटलच्या पलीकडं होते.

दुसरी गोष्ट धुळीची. स्प्रिंग हलकी असेल, तर गाडी स्लोवर उभी असतानाही व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो. बायपास असेल तर काही बिघडत नाही, फिल्टरमधून आलेलीच हवा फिरते. ब्लो-ऑफ मात्र त्या फटीतून फिल्टर न झालेली हवा आत ओढू शकतो. होटगी रोडला उन्हाळ्यात तासभर उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर बोट फिरवून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

स्प्रिंगबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘बूस्ट जास्त, म्हणून कडक स्प्रिंग’ असं लोक समजतात (बूस्ट म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब). पण बूस्ट असताना खालून जेवढा दाब, तेवढाच नळीतून वरूनही असतो. स्प्रिंगवर तो भार येतच नाही. स्प्रिंग निवडायची ती स्लोवरच्या व्हॅक्यूमवरून, म्हणजे थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डात तयार होणाऱ्या ओढीवरून. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथं व्हॅक्यूम गेजचा काटा किनाऱ्यावरच्या गावापेक्षा पाऱ्याचा दीडेक इंच कमी दाखवतो. तेव्हा स्प्रिंगच्या तक्त्यातला आकडा डोळे झाकून घेऊ नका, आपल्या गाडीला गेज लावून बघा.

जोडणीत सगळ्यात जास्त चुका त्या बारीक नळीच्या होतात. ती थ्रॉटलच्या पलीकडून, थेट इनटेक मॅनिफोल्डवरून घ्यायची. तिथंच रेस सोडल्यावर व्हॅक्यूम तयार होतो. टर्बोच्या अंगावरच्या, वेस्टगेटकडे जाणाऱ्या नळीतून घेतली, तर व्हॅक्यूम कधी मिळतच नाही आणि व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. (वेस्टगेट वेगळाच: तो एक्झॉस्टच्या बाजूला बसून बूस्ट किती वाढू द्यायचा ते ठरवतो.) ब्रेक बूस्टरच्या किंवा बूस्ट गेजच्या नळीत टी टाकू नका, स्वतंत्र, आखूड नळी द्या. व्हॉल्व्ह शक्यतो इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पुढे, थ्रॉटलजवळ बसवा. बायपासचा परतीचा पाइप सेन्सर आणि टर्बो यांच्यामधे, हवेच्या ओघाच्या दिशेनं तिरका सोडा. सेन्सरला खेटून सोडला, तर झोत उलटा सेन्सरवर जाऊन आकडे हलतात.

डिझेलवाल्यांना मी सरळ नाही म्हणतो. डिझेल इंजिनाची ताकद इंधनानं कमी-जास्त होते. पेट्रोलसारखी थ्रॉटलची पाकळी मिटून हवा कोंडत नाही, त्यामुळे या व्हॉल्व्हची गरजच नाही. स्विच लावून आवाज काढणारे किट मिळतात, ते भरलेली हवा फुकट घालवतात. आणि डिझेल गाडीतून आपोआप फुस्स येऊ लागलं, तर आधी फाटलेला होज शोधा.

कंपनीची गाडी असेल, वॉरंटी चालू असेल, तर कंपनीनं दिलेलाच व्हॉल्व्ह ठेवा. पिकअप कमी वाटत असेल, तर तो व्हॉल्व्ह काढा, वरच्या नळीला हातपंपानं व्हॅक्यूम द्या आणि पंपाच्या काट्याकडे बघा. काटा जागेवर राहिला तर पडदा शाबूत आहे. घसरत खाली आला तर पडदा फाटलाय, आणि नवीन पडद्यावर किंवा त्याच मापाच्या व्हॉल्व्हवर काम भागतं. (नळीऐवजी वायरिंगचा प्लग असलेल्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हला ही तपासणी चालत नाही.) परत बसवल्यावर क्लिपा आठवड्यानं पुन्हा आवळा. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांत रबर मऊ पडतं आणि पहिली गळती तिथंच सुरू होते.