फायब्रोमायल्जियात लेझरचा शेक: हे प्रकरण आलं कुठून?

इंदूरकरांना लेझर काही नवा नाही. राजेंद्रनगरच्या पुढे कॅट, म्हणजे लेझरवर संशोधन करणारं सरकारी केंद्र, आहेच, १९८४ पासूनचं, कागदावर आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं तरी रिक्षावाल्याला आपण कॅटच सांगतो. म्हणूनच की काय, फिजिओच्या क्लिनिकवर ‘लेझरने अंगदुखी गायब’ असा बोर्ड दिसला की काकू-मावश्या लगेच चौकशीला जातात. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहणारा आजार, झालेल्या बाईने आत जायच्या आधी मागची गोष्ट ऐकून घ्यावी, कारण इथे दोन वेगळे इतिहास येऊन एकमेकांना चिकटलेत.

पहिला या दुखण्याचा. १९०४ साली लंडनच्या विल्यम गॉवर्सनी कंबरदुखीवरच्या भाषणात याला फायब्रोसायटिस म्हटलं, म्हणजे स्नायूंच्या तंतूंना सूज येते आणि म्हणून दुखतं असा अंदाज. पुढे लोकांनी स्नायूंचे तुकडे काढून तपासले तर म्हणावी तशी सूज सापडेचना! मग १९७५ मध्ये टोरोंटोच्या मोल्डोफ्स्की आणि स्माइथ यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तर सकाळी त्यांचंही अंग तसंच दुखायला लागलं. मला तरी या सगळ्यात हाच प्रयोग सगळ्यात भारी वाटतो. १९७६ ला फायब्रोमायल्जिया हे नाव आलं, १९९० ला अमेरिकन डॉक्टरांनी अंगावरचे १८ पॉइंट ठरवले, अंगभर दुखणं असेल आणि त्यातले ११ दाबल्यावर दुखले की निदान पक्कं, आणि २०१० च्या निकषांत हे पॉइंट दाबणंच काढून टाकलं, कारण तोवर बहुतेकांचं म्हणणं पडलं होतं की मूळ गडबड स्नायूत नाही, मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे निरोप वाढवून घेतात त्यात आहे. म्हणून तर २००७ साली अमेरिकेत यावर पहिलं मंजूर झालेलं औषध प्रीगॅबलिन, जे नसांवर काम करतं.

दुसरा इतिहास लेझरचा. १९६० मध्ये थिओडोर मेमननी माणकाचा पहिला लेझर पेटवला, १९६४ ला आपल्या बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा काढला, पण तो कापणारा, शेकवाला नाही. शेकवाल्याची सुरुवात बुडापेस्टची. १९६७ च्या सुमारास एंद्रे मेस्टर हे सर्जन बघत होते की या उजेडाने उंदरांना कॅन्सर होतो का, कॅन्सर राहिला बाजूला, भादरलेल्या जागी केसच भराभर उगवले. मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर तो वापरला. पुढे रशियात टीना कारू यांनी मांडलं की लाल आणि इन्फ्रारेड उजेड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, एका एन्झाइमवर काम करतो, आणि सेमीकंडक्टरचे लेझर स्वस्त झाले तसं हे मशीन खांदा, मान, गुडघा सगळीकडे फिरायला लागलं.

आता गंमत बघा, ज्या काळात डॉक्टर लोक स्नायू सोडून मेंदूकडे वळत होते त्याच काळात लेझरवाले दुखऱ्या पॉइंटवरच उजेड मारत होते. तरी फरक पडलाच नाही असं नाही हं. २००२ मध्ये तुर्कस्तानात ७५ पेशंटवर लेझर, खोटा लेझर (नुसतं नाटक, उपचार नाही) आणि अमिट्रिप्टिलिन नावाचं औषध अशी तुलना झाली, त्यात लेझर खोट्यापेक्षा सरस ठरला. २००७ मध्ये ब्राझीलमध्ये स्ट्रेचिंगच्या जोडीला लेझर देऊन पाहिला तर नुसत्या स्ट्रेचिंगवाल्यांनाही तेवढंच बरं वाटलं. २०१९ ला नऊ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, सगळे मिळून पेशंट ३२५, निकाल लेझरच्या बाजूने, पण एवढ्या आजारासाठी हा आकडा लहानच.

लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००९ ला आलेला १६ चाचण्यांचा आढावा बरेच जण पुढे करतात, पण तो मानदुखीचा आहे. तसंच ‘एफडीए अप्रूव्ड’चं (एफडीए म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणारी अमेरिकन सरकारी संस्था), २००२ साली अमेरिकेत पहिल्यांदा अशा लेझरला परवानगी मिळाली ती मनगटाच्या कार्पल टनेलच्या दुखण्यासाठी, आणि तीही क्लिअरन्स, औषधाला लागते तसली मंजुरी नव्हे. शिवाय मशीनमशीनमध्ये फरक आहे, अर्ध्या वॉटच्या आतले लेझर त्वचा फारशी तापवत नाहीत आणि त्यावरच्या, म्हणजे ‘क्लास फोर’ या सगळ्यात ताकदवान वर्गातल्या लेझरनी चांगलं गरम लागतं, मग बरं वाटलं ते उजेडाने की उबेने हे सांगणं अवघड. क्लिनिकात विचारायचंच तर मशीन कुठल्या क्लासचं, वेव्हलेंग्थ (उजेडाची तरंगलांबी) किती आणि एका पॉइंटला किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा, देणार हे विचारा, पॅकेजचा भाव मागाहून.