पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमधले बाई-पुरुषाचे साचे

शाळेच्या पुस्तकात बायका-पुरुषांची, मुला-मुलींची कामं, जागा आणि कपडे ठरलेल्याच पद्धतीने काढायची सवय, म्हणजे हे साचे. आई गॅसपाशी, बाबा पेपर वाचतायत, मुलगा पतंग उडवतोय आणि मुलगी मागे फिरकी धरून उभी, हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. (येवल्यात संक्रांतीला बायकाही गच्चीवर आसारी (तिकडची मांज्याची फिरकी) घेऊन पतंग काटतात, ते चित्रात येत नाही.)

साचा आला कुठून याबद्दल दोन मतं आहेत. एक असं की साधारण १९ व्या शतकाच्या मध्यापासून मेजर कँडी वगैरे इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तकं तयार व्हायला लागली, तेव्हा विलायती नमुन्यासोबत तिकडची घराची कल्पनाही आली. दुसरं असं की साचा इथल्याच पांढरपेशा घराचा आहे, आणि त्याला रूप दिलं छापील तसबिरींनी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ च्या सुमारास सुरू झाला आणि साडीतली, नजर खाली असलेली शांत बाई घरोघरी भिंतीवर गेली. दुसरं मत जास्त पटतं, कारण पुस्तकातली पाटावर बसलेली, पदर खोचलेली आई कुठूनच विलायती दिसत नाही.

पण तिसरी गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे व्याकरण. मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकतं. धड्यात 'शेतकरी नांगरतो', 'पोलीस शिट्टी वाजवतो' असं आलं की चित्रकाराला पुरुषच काढावा लागतो, आणि 'शेतकरीण' म्हटलं तर ती बहुतेकांना शेतकऱ्याची बायको वाटते, स्वतः शेती करणारी नाही. इंग्रजी किंवा बंगाली क्रियापदाला लिंग चिकटत नाही, तिथे निवड खरंच चित्रकाराची असते, म्हणून किती बायका किती पुरुष असं नुसतं मोजून मराठी पुस्तक तपासलं तर सगळा दोष चित्रकाराच्या माथी जातो आणि धडा लिहिणारा सुटतो. मोजायचं तर कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण कोणाकडे बघतंय, कोण घराबाहेर आहे हेही बघावं लागतं. आणि एक बारीक खूण, मुलगा साधाच काढतात पण मुलीला दोन वेण्या, रिबीन, फ्रॉक लागतोच, म्हणजे मूल म्हटलं की मुलगा आणि मुलगी म्हणजे त्यावर रिबीन.

नाशिककडे हे जास्त खुपतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), पॅकिंग बायका करतात, लासलगावला कांदा निवडायला बायका, इगतपुरीकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, बायका वाकून करतात. निफाडच्या बाजूला एका वर्गात 'शेतकरी काढा' म्हटल्यावर दुसरीतल्या मुलीने पागोटं, मिशी, बैलजोडी असं सगळं नीट काढलं, तिची आई तेव्हा रस्त्यापलीकडच्या बागेत डिपिंगला होती, हातात घड बुडवायचा मग्गा घेऊन, आणि खिडकीतून ती दिसत होती.

सुधारणेचं बोलणं जुनं आहे, मुला-मुलींच्या अभ्यासक्रमातल्या भेदावरची १९६२ ची हंसा मेहता समिती, १९८६ चं शैक्षणिक धोरण, २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. बालभारती १९६७ ला पुण्यात सुरू झाली, पण चित्रांतला ठळक बदल म्हणून सांगतात तो २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकांचा, तिथे बाई-पुरुष दोघं मिळून भाजी निवडतायत, डॉक्टर आणि ट्रॅफिक पोलीस बाई आहेत, आणि चित्रं बघून मुलांनी बोलावं अशी अपेक्षा आहे. त्याच वर्षी दुसरीच्या गणितातला, एकवीसला 'वीस एक' असंही वाचायच्या पद्धतीचा वाद इतका गाजला की या चांगल्या कामाकडे जेवढं लक्ष जायला हवं होतं तेवढं गेलं नाही.

खाजगी अंकलिपी आणि तक्ते या सगळ्याच्या बाहेर राहिले. नाशिकच्या रविवार कारंजाकडून आणलेल्या 'आपले मदतनीस' तक्त्यावर डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, सुतार, शिंपी सगळे पुरुष होते, बाई एकच, नर्स, तीही डॉक्टरच्या मागे ट्रे धरून.