स्पीड ‘फिक्स’ केल्याने नेटवर्क कार्ड सुधारत नाही

लिनक्स मशीनचं नेटवर्क कार्ड अडखळायला लागलं की एक सल्ला हमखास मिळतो: ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आणि डुप्लेक्स आपसात ठरवणं) बंद करा, १०० फुल डुप्लेक्स (१०० एमबीपीएस, एकाच वेळी दोन्ही दिशांनी) फिक्स करा. नव्वदच्या दशकात उपकरणं एकमेकांशी नीट जुळत नसत, तेव्हाचा हा तोडगा. आज त्यानेच दुखणं वाढतं. कार्ड फिक्स केलं की केबलच्या दुसऱ्या टोकाला ऑटोवर असलेल्या स्विचला समोरचा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग तो मुकाट हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो. पिंग (छोटा चाचणी संदेश) झकास चालतो, मोठी फाइल मात्र रखडते (इथेच भलेभले फसतात). स्विचवर लेट कोलिजन (उशिरा होणारी टक्कर), कार्डावर सीआरसी एरर (खराब झालेला डेटा) वाढत जातात. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच. दोन्हीकडे ऑटो ठेवा, केबल बदला आणि इथटूल या लिनक्स कमांडमधले एररचे आकडे अजून चढतायत का ते बघा. कार्डावर संशय त्यानंतर.